इंग्रजीतील जेरंड आणि इन्फिनिटिव्ह यांची निवड

इंग्रजी वाक्यात एका क्रियापदामागून दुसरे आले की दुसऱ्याचे रूप सहसा बदलावे लागते. एक तर त्याला ‘-इंग’ लागते (‘एन्जॉय स्विमिंग’) किंवा त्याच्याआधी ‘टू’ येतो (‘वॉन्ट टू स्विम’). पहिल्याला जेरंड आणि दुसऱ्याला इन्फिनिटिव्ह म्हणतात. कोणते रूप वापरायचे हे बहुतेक वेळा पहिले क्रियापद ठरवते. ‘वॉन्ट’, ‘होप’, ‘डिसाइड’, ‘प्रॉमिस’, ‘रिफ्यूज’ यांना ‘टू’ लागतो. ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’, ‘डिनाय’, ‘सजेस्ट’ यांना ‘-इंग’.

या वाटणीमागे अर्थाचा धागा आहे. ‘टू’ मुळात दिशा दाखवणारे शब्दयोगी अव्यय. त्यामुळे इन्फिनिटिव्हचा रोख सहसा अजून न घडलेल्या, मनात योजलेल्या कृतीकडे असतो, तर जेरंड घडलेली, चाललेली किंवा वस्तूसारखी समोर मांडलेली कृती दाखवतो. ड्वाइट बोलिंजर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने 1968 मध्ये हा फरक मांडला, आणि तो बऱ्याच ठिकाणी लागूही पडतो. पण बऱ्याच ठिकाणी म्हणजे सगळीकडे नव्हे. ‘सजेस्ट’ आणि ‘पोस्टपोन’ यांचा रोख भविष्याकडेच असतो, तरी त्यांना ‘-इंग’ लागते. उलट ‘मॅनेज्ड टू एस्केप’ म्हणजे माणूस निसटून गेलेलाही असतो, तरी तिथे ‘टू’. अर्थावरून अंदाज बांधावा, पण शंका आली की शब्दकोश उघडावा.

दोन्ही रूपे चालतात आणि अर्थ मात्र बदलतो, अशी क्रियापदे थोडी आहेत. खरी गंमत तिथेच आहे. मराठी माणसाला ती अवघड वाटू नयेत, कारण हेच भेद मराठी वेगवेगळ्या कृदन्तांनी, म्हणजे धातूला प्रत्यय लावून बनवलेल्या रूपांनी, रोज दाखवते. ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे तो बोलायचा थांबला. ‘ही स्टॉप्ड टू टॉक’ म्हणजे तो बोलायला थांबला. दुसऱ्या वाक्यातला इन्फिनिटिव्ह खरे तर ‘स्टॉप’चे कर्म नाही, तो थांबण्याचा हेतू सांगतो. ‘फरगॉट टू लॉक’ म्हणजे कुलूप लावायचे विसरले, दार उघडेच राहिले. ‘फरगॉट लॉकिंग’मध्ये कुलूप लावलेले आहे, लावल्याचे विसरले आहे. ‘ट्राइड टू ओपन द विंडो’ म्हणजे खिडकी उघडायचा प्रयत्न केला, बहुधा ती उघडली नाही. ‘ट्राइड ओपनिंग द विंडो’ म्हणजे खिडकी उघडून पाहिली. ती उघडली, पण उकाडा कमी झाला की नाही, हा वेगळा प्रश्न. ‘रिग्रेट टू इन्फॉर्म’ हे सरकारी पत्रातले ‘कळविण्यास खेद होतो’. ‘रिग्रेट टेलिंग’ म्हणजे सांगून बसल्याचा पश्चात्ताप.

अडचण येते ती अर्थाचा आधार नसतो तिथे. ‘पोहायला आवडतं’, ‘पोहायला शिकतो’, ‘पोहायला हवं’ या तिन्ही ठिकाणी मराठीला एकच रूप पुरते. म्हणून ‘एन्जॉय टू स्विम’ हे चुकीचे वाक्य सहज तोंडात येते. त्याहून फसवा आहे ‘लुक फॉरवर्ड टू’. इथला ‘टू’ इन्फिनिटिव्हचा नसून शब्दयोगी अव्यय आहे, आणि शब्दयोगी अव्ययानंतर क्रियापद आले तर जेरंडच येतो. म्हणून ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. भारतीय कार्यालयांतल्या ई-मेलमध्ये ‘टू मीट यू’ इतके रुळले आहे की चूक दाखवणाराच आगाऊ ठरतो. ओळखायची खूण सोपी आहे: ‘टू’नंतर एखादे साधे नाम बसवून पाहावे. ‘लुकिंग फॉरवर्ड टू द हॉलिडेज’ चालते, म्हणजे जेरंड हवा. ‘वॉन्ट टू द हॉलिडेज’ चालत नाही.

‘बिगिन’, ‘स्टार्ट’, ‘कंटिन्यू’ यांना दोन्ही रूपे लागतात आणि अर्थात फारसा फरक पडत नाही. मात्र पहिल्याच क्रियापदाला ‘-इंग’ असेल तर लागोपाठ दोन ‘-इंग’ टाळतात: ‘इट इज स्टार्टिंग टू रेन’.

आजची ही मांडणी कायमची नव्हे. जुन्या इंग्रजीत इन्फिनिटिव्हला ‘-अन’ हा प्रत्यय होता, भाववाचक नामाला ‘-उंग’ किंवा ‘-इंग’ आणि वर्तमानकालवाचक विशेषणाला, म्हणजे पार्टिसिपलला, ‘-एंडे’. मध्ययुगीन इंग्रजीत शेवटच्या दोघांची सरमिसळ होऊन दोन्हींना ‘-इंग’ लागू लागले. जेरंड हे नाव तर लॅटिन व्याकरणातून उसने घेतलेले, आणि इंग्रजीला ते नीट बसतही नाही. हडलस्टन आणि पुलम या भाषाशास्त्रज्ञांनी 2002 च्या केंब्रिज इंग्रजी व्याकरणग्रंथात जेरंड आणि पार्टिसिपल वेगळे मानायचेच सोडून दिले. गेल्या काही शतकांत जेरंडने इन्फिनिटिव्हची जागा हळूहळू बळकावली आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत ‘अकस्टम्ड टू डू’ सर्रास आढळते. आज ‘अकस्टम्ड टू डूइंग’ म्हणतात.

बोलींमध्ये तर तिसरीच वाट दिसते. शर्ट धुवायला हवा हे सांगताना प्रमाण इंग्रजीत ‘नीड्स वॉशिंग’ किंवा ‘नीड्स टू बी वॉश्ड’ म्हणतात. स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि अमेरिकेच्या पश्चिम पेनसिल्व्हेनियात ‘नीड्स वॉश्ड’ एवढ्यावरच भागते.