पगारातले २०० रुपये आणि आमदारकीचे उमेदवार

विधानसभा आली की उमेदवार गल्लीत येतात, वीजबिलावर बोलतात, पेट्रोलवर बोलतात, टोलवर तर बोलतातच, पण पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला जे २०० रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत ३००, त्याच्याबद्दल कुणी बोललेलं मी तरी ऐकलं नाही. स्लिपवर तो पीटी म्हणून लिहिलेला असतो, म्हणजे प्रोफेशन टॅक्स, मराठीत व्यवसाय कर. हा राज्याचा स्वतःचा कर आहे, त्याचा दर आपले आमदारच ठरवतात. आणि तो का लागला हे समजलं ना, की उमेदवाराला नेमकं काय विचारायचं ते पण समजतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

१९७२ चा दुष्काळ. आमची आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, दुपारी तिथेच सुकडी (भरडलेल्या धान्याचा पौष्टिक खाऊ) वाटायचे आणि रात्री घरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, ती थापताना तुटायची असं ती शेवटपर्यंत सांगायची. तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. पण या कामांमागचा, म्हणजे रोजगार हमीचा विचार दुष्काळाच्या आधीचा आहे. वि. स. पागे, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती, त्यांनी १९६५ लाच आपल्या तालुक्यात हे करून बघितलं होतं, की गावातला जो माणूस अंगमेहनतीचं काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचंच, आणि ते उपकार म्हणून नाही तर त्याचा हक्क म्हणून.

आता पैसा कुठून आणायचा? मला या सगळ्यात मोलाचं वाटतं ते इथेच. १९७५ ला व्यवसाय कराचा कायदा आला, १ एप्रिलपासून लागू, आणि सरळ सांगितलं गेलं की नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याकडून हा कर घ्यायचा, जेवढा कर जमा होईल तेवढीच भर सरकारने तिजोरीतून घालायची आणि तो पैसा रोजगार हमीवर खर्च करायचा. शिवाय गाड्यांच्या करावर, विक्रीकरावर, बागायती जमिनीवर अधिभार होता. दुकानाची घरपट्टी भरत असाल तर बिल काढून बघा, रोजगार हमी कर असा वेगळा रकाना सापडेल, तो याच घरातला. म्हणजे व्यवसाय कराचा मोठा वाटा मुंबईतून यायचा आणि मजुरी मिळायची ती सांगली, सोलापूर, बीडच्या मजुराला. शहरातल्या आमदारांनी याला विरोध केला नाही, कारण गावात काम मिळालं नाही तर लोंढे मुंबईलाच येणार हे त्यांना दिसत होतं. १९७७ ला रोजगार हमी कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने पास झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. केंद्राचा कायदा २००५ ला आला, त्यात १०० दिवसांची हमी होती, आपल्या कायद्यात मात्र वर्षभर काम मागायचा हक्क होता.

सगळं गोड होतं असं नाही. निधी जमा व्हायचा पण पूर्ण खर्च व्हायचा नाही ही तक्रार जुनीच आहे. आणि या व्यवसाय कराला राज्यघटनेचं कुंपण आहे, कलम २७६ प्रमाणे आधी वर्षाला जास्तीत जास्त २५० रुपये, १९८८ च्या दुरुस्तीने २५००, आणि तेव्हापासून तिथेच. २०० गुणिले ११ अधिक ३००, हिशोब करून बघा, बरोब्बर २५०० होतात. २०२३ च्या बजेटमध्ये महिन्याला २५००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर माफ केला, ते चांगलंच झालं.

नंतर टॅक्सवरचं निवडणुकीतलं बोलणं बदलत गेलं. जकात गेली, तिच्या जागी महापालिकांचा एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१३ ला व्यापाऱ्यांनी बंद पुकारले आणि २०१४ ला एलबीटी घालवू हे थेट प्रचारात आलं. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी गेलीसुद्धा, शब्द पाळला, मान्य. पण महापालिकांना भरपाई राज्याच्या तिजोरीतून द्यावी लागली आणि दोनच महिन्यांनी दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये वाढले.

मग १ जुलै २०१७ ला जीएसटी. आता एकटी विधानसभा साबणावरचा दर पण बदलू शकत नाही, ते केंद्र आणि सगळी राज्यं मिळून जीएसटी कौन्सिलमध्ये ठरवतात. राज्याच्या हातात उरलं काय तर पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचं उत्पादन शुल्क, स्टॅम्प ड्युटी, गाड्यांचा कर, वीज शुल्क आणि आपला हा व्यवसाय कर. त्यामुळे उद्या कुणी उमेदवार जीएसटी कमी करतो म्हणाला तर ते एकट्या राज्याच्या हातातच नाही हे त्याला तिथेच सांगायचं.

२०२४ च्या निवडणुकीत तर बोलणं सगळं देण्यावरच होतं. लाडकी बहीणचे १५०० रुपये सुरू झालेले, महायुती २१०० म्हणाली, महाविकास आघाडी ३००० म्हणाली. मतदानाच्या महिनाभर आधी मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला. बाईच्या हातात थेट पैसे जाण्याला माझा अजिबात विरोध नाही, आजीला खडी न फोडता ते मिळाले असते तर मला आनंदच झाला असता. पण लाडकी बहीणवर वर्षाला ४६००० कोटींच्या खर्चाचा अंदाज बजेटमध्येच होता, आणि ते कुणाकडून घेणार हे १९७५ ला जसं उघड सांगितलं गेलं तसं मला दोन्हीकडच्या एकाही उमेदवाराच्या तोंडून ऐकू आलं नाही. जून २०२५ ला भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मिती खर्चाच्या ३ पटीवरून ४.५ पट केलं, दारूवरच्या सगळ्या वाढींतून मिळून १४००० कोटी जास्त मिळतील या अपेक्षेने. तोपर्यंत मतं देऊन सहा महिने उलटून गेले होते.