वीरगळ चालतो, पिंपळ का चालत नाही : मोबाइल खेळांतील स्थळनिवडीची पार्श्वभूमी

इन्ग्रेस आणि पोकेमॉन गो हे मोबाइलवरचे खेळ खऱ्या जगात हिंडून खेळायचे असतात आणि त्यांच्या नकाशावर कोणती खरी ठिकाणे असावीत, हे खेळाडूही सुचवू शकतात. अशा खेळाडूने गावच्या वेशीवरचा वीरगळ सुचवला, तर तो मंजूर होण्याची शक्यता बरीच असते. त्याला सावली देणारा जुना पिंपळ मात्र, त्याची माहिती सांगणारा कायमचा फलक जवळ नसेल, तर बहुधा नाकारला जातो. हा भेद समजून घ्यायचा तर या खेळांच्या नकाशावर पहिली ठिकाणे कोठून आली, हे पाहावे लागते.

अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली त्रुटी 2 मे 2000 रोजी बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात एकाने वस्तूंनी भरलेला डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. जिओकॅशिंगची, म्हणजे लपवलेला डबा अक्षांश-रेखांशांवरून शोधण्याच्या खेळाची, सुरुवात ही अशी झाली. त्यात ठिकाण खेळाडूच घडवत असे. गूगलमध्ये जॉन हँके यांनी 2010 मध्ये उभ्या केलेल्या नायँटिक या विभागाने नोव्हेंबर 2012 मध्ये इन्ग्रेस आणला, तेव्हा याच्या उलट, जागेवर आधीच असलेल्या वस्तूंना खेळात ओढण्याचे ठरवले. प्रारंभीची ‘पोर्टले’, म्हणजे इन्ग्रेसच्या नकाशावरची ठिकाणे, मुख्यतः ऐतिहासिक फलकांच्या संगणकीय सूचीतून आणि सार्वजनिक शिल्पांच्या नोंदींतून घेतली गेली. ज्याच्यावर बोट ठेवता येते, ज्याला नाव आहे आणि जे उद्याही तेथेच असेल, ते ठिकाण, ही कल्पना तेव्हापासून रुजली. अशा नोंदी अमेरिकेत विपुल होत्या. आपल्याकडची पोकळी खेळाडूंनीच छायाचित्रे पाठवून भरायची होती. 2016 पर्यंत जगभरातून सुमारे दीड कोटी सूचना आल्या आणि त्यांपैकी पन्नास लाखांच्या आसपास मंजूर झाल्या, असे हँके यांनी सांगितले होते.

जुलै 2016 मध्ये आलेल्या पोकेमॉन गोने हीच यादी वापरली. मूठभर हौशी लोकांसाठी निवडलेल्या जागांवर एकाएकी झुंडी लोटल्या. हिरोशिमाचे शांती उद्यान आणि वॉशिंग्टनचे होलोकॉस्ट संग्रहालय यांनी आपल्याला खेळातून वगळावे, अशी मागणी केली. आपल्या घरांभोवती गर्दी होते म्हणून अमेरिकेतील घरमालक न्यायालयात गेले. गुजरात उच्च न्यायालयातही प्रार्थनास्थळांच्या आवारात खेळातील अंडी दिसतात, अशा तक्रारीची याचिका सप्टेंबरमध्ये दाखल झाली. गंमत म्हणजे भारतात हा खेळ अधिकृतपणे आला तो त्यानंतर, डिसेंबरमध्ये.

पुढे छाननीचे कामही अनुभवी खेळाडूंकडे सोपवले गेले आणि 2019 मध्ये त्याला ‘वेफेरर’ हे स्वतंत्र व्यासपीठ मिळाले. 2020 च्या अखेरीस निकष नव्याने मांडण्यात आले : ते ठिकाण हिंडून पाहण्याजोगे, व्यायामाचे किंवा चार माणसांनी एकत्र जमण्याचे असावे. माझ्या मते हा बदल आपल्या उपनगरांना विशेष उपकारक ठरला, कारण जेथे जुने काहीच नाही तेथे नगरपालिकेच्या उद्यानातील खुली व्यायामशाळाही पात्र ठरू लागली. नकाराची कारणे मात्र ठाम आहेत : शाळेचे आवार, पायी सुरक्षितपणे पोहोचता न येणारी जागा, तात्पुरती रचना. म्हणूनच दहा दिवसांचा गणेशोत्सवाचा मांडव कितीही प्रसिद्ध असला तरी बसत नाही. त्याच मंडळाचे बारमाही मंदिर बसते.

खरी कसोटी लागते ती पुण्यातील निळ्या फलकांपाशी. नामवंतांच्या वास्तव्याची नोंद करणारे, महापालिकेने लावलेले हे फलक पदपथावरून वाचता येतात आणि इतिहासही सांगतात. पण एकाच कुटुंबाच्या खासगी निवासाच्या हद्दीतील वस्तू पात्र नसते. वाड्यात अनेक बिऱ्हाडे असतील तर हा अडसर उरत नाही. त्यामुळे असा फलक सुचवणाऱ्याला त्यावरच्या थोर व्यक्तीपेक्षा आत आज किती बिऱ्हाडे नांदतात, हेच आधी समजावून सांगावे लागते.