धोक्याची पातळी कुठे लिहायची? कॉन्फिगरेशन लायब्ररींची पार्श्वभूमी

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. कोयनेतून विसर्ग वाढला की घरोघरी पहिला प्रश्न असतो, "पुलाजवळ किती फूट झालं?" समजा, ही पातळी वाचून मोबाइलवर इशारा धाडणारा छोटा प्रोग्रॅम इथल्या एखाद्या विद्यार्थ्याने लिहिला. त्यात ४० आणि ४५ हे आकडे ठेवायचे कुठे? कोडमध्येच लिहिले तरी काम चालते, पण आकडा बदलायचा म्हटले की कोड लिहिणाऱ्यालाच गाठावे लागते. अशा बदलत्या सेटिंग, म्हणजेच कॉन्फिगरेशन, कोडबाहेरून वाचून आणणारा तयार कोड म्हणजे कॉन्फिगरेशन लायब्ररी.

या प्रश्नाचे वय साठ वर्षांच्या आसपास आहे. एमआयटीच्या सीटीएसएस या, एकच संगणक अनेकांना वापरू देणाऱ्या प्रणालीवर लुई पूझँ यांनी १९६०च्या दशकात 'रनकॉम' नावाची सोय केली. आज्ञा फाइलमध्ये लिहून ठेवायच्या आणि ती फाइल चालवायची. बॅश आणि व्हिम या प्रोग्रॅमच्या बॅशआरसी, व्हिमआरसी या सेटिंग फाइलींच्या नावातले 'आरसी' तिथूनच आले. १९७९ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीत एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आले, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याला बाहेरून मिळणाऱ्या नाव आणि किंमत अशा जोड्या. कमांड लाइनवरचे, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करताना आज्ञेपुढे टाइप केलेले, पर्याय मात्र प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या तऱ्हेने वाचायचा. एटी अँड टीने १९८५ मध्ये हे पर्याय वाचणाऱ्या 'गेटऑप्ट'चा कोड सर्वांसाठी खुला केला, तेव्हा त्याला थोडी शिस्त लागली. विंडोजने आधी आयएनआय नावाच्या साध्या मजकूर फाइली वापरल्या आणि पुढे सेटिंग रजिस्ट्री या मध्यवर्ती साठ्यात नेल्या. सगळे एका जागी आले खरे, पण प्रोग्रॅमचे फोल्डर दुसऱ्या मशीनवर उचलून नेले तर सेटिंग मागेच राहायच्या.

मग फाइल कोणत्या पद्धतीने लिहायची हा वाद सुरू झाला. १९९८ मध्ये एक्सएमएल, २००१ मध्ये यॅमल, २०१३ मध्ये टॉमल. यॅमल डोळ्यांना सुटसुटीत, म्हणून लोकप्रिय झाले, पण त्यातला एक खड्डा सांगलीकराने तरी लक्षात ठेवावा. आपल्या प्रोग्रॅमच्या यॅमल फाइलमध्ये नियंत्रण कक्षाचा एसटीडी कोड ०२३३ असा अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर यॅमल १.१ चे नियम पाळणारी लायब्ररी सुरुवातीच्या शून्यामुळे तो अष्टमान (आठच्या पायाच्या) पद्धतीचा आकडा समजते आणि १५५ वाचते. साताऱ्याच्या ०२१६२ चे होतात ११३८. कुठेही एरर येत नाही. २००९ च्या १.२ आवृत्तीत हा नियम बदलला, तरी पायथॉनमध्ये सर्रास वापरली जाणारी पायॅमल अजून १.१ च्याच वाटेने जाते.

२०११ च्या सुमारास हेरोकू या क्लाउड कंपनीच्या ॲडम विगिन्स यांनी 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप'ची, म्हणजे इंटरनेटवरचे ॲप कसे बांधावे याच्या बारा नियमांची, मांडणी केली. पासवर्ड, डेटाबेसचा पत्ता अशा गोष्टी कोडमध्ये न ठेवता एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा, असा तिचा आग्रह होता. तो रास्तच होता. पण एन्व्हायर्नमेंटमध्ये सगळे नुसती अक्षरेच असते. पायथॉनमध्ये 'फॉल्स' हा शब्द बूलियन, म्हणजे खरे-खोटे या प्रकाराचा, केला की उत्तर 'ट्रू' मिळते, कारण ती स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, रिकामी नसते.

कमांड लाइन, एन्व्हायर्नमेंट, फाइल आणि कोडमधले डीफॉल्ट (काहीच न सांगितल्यास वापरायची किंमत), अशा चार जागा झाल्या, तेव्हा मानाचा क्रम ठरवणे भाग होते. गो भाषेतली व्हायपर, पायथॉनमधली पायडँटिक सेटिंग्ज किंवा हायड्रा या लायब्ररींचे खरे मोल मला इथे वाटते. फाइल वाचणे सोपे आहे, कोणाचे ऐकायचे हे ठरवणे कठीण. बहुतेक ठिकाणी कमांड लाइन वरचढ, मग एन्व्हायर्नमेंट, मग फाइल आणि शेवटी डीफॉल्ट. त्यामुळे उन्हाळ्यात, नदी आटलेली असताना, धोका पातळी कमांड लाइनवरून चाचणीपुरती १० फूट करून संदेश जातो का ते पाहता येते. फाइलमधले ४५ जागचे हलत नाहीत.

तरी डीफॉल्टबद्दल मी फार सावध आहे. फाइलमध्ये नाव चुकीचे टाइप झाले तर अनेक लायब्ररी ते अनोळखी नाव गुपचूप सोडून देतात आणि डीफॉल्ट आकड्यावर प्रोग्रॅम चालू राहतो. लॉगच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींच्या, रंगासाठी हे चालेल. धोका पातळीला मात्र डीफॉल्ट देऊच नये. ती सक्तीची ठेवावी, ती आकडाच आहे आणि इशारा पातळीपेक्षा मोठी आहे हे लायब्ररीकडून तपासून घ्यावे. काही चुकले असेल तर प्रोग्रॅमने सुरूच होऊ नये आणि कोणत्या फाइलमधली कोणती सेटिंग अडली ते स्पष्ट सांगावे. हे सगळे पावसाळ्याच्या आधी.