काळारामाचा दगड राखाडी का येतो?

सकाळच्या उन्हात पंचवटीतल्या काळाराम मंदिरासमोर उभं राहा आणि कॅमेरा ऑटोवर ठेवून जवळून फोटो काढा. दगड राखाडी येतो. आमच्या फोटोग्राफीच्या वर्गात यंदा प्रोजेक्टच हा दिला होता: मंदिराचा एकच फोटो, त्याची मोठी प्रिंट, आणि अट एवढीच की काळा दगड काळा दिसला पाहिजे. पहिल्या रविवारी जे फोटो आले त्यांत शिखराला कोणी राख फासल्यासारखं दिसत होतं आणि मागचं आभाळ पांढरंफटक.

यात कॅमेऱ्याचा दोष नाही. दगड काळा आहे हे त्याला ठाऊकच नसतं. भिंगातून उजेड किती आला एवढंच त्याला कळतं. समोर उन्हातला काळा दगड आहे की सावलीतली पांढरी भिंत, हे त्या आकड्यावरून कसं ओळखणार? म्हणून तो एक ठोकताळा धरून चालतो: समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी असतं, साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारं. दगड त्याहून बराच गडद. मग उजेड कमी पडतोय असं समजून कॅमेरा एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, वाढवतो. पांढऱ्या धोतरातले आजोबा फ्रेमभर घेतलेत तर उलटं होतं, धोतर मळकं येतं.

एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, उणे एक केलं की उजेड टिपणाऱ्या सेन्सरवर निम्माच उजेड पडतो आणि दगड गडद होतो. बहुतेकांनी तेच केलं, जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच तयार करून दिलेल्या नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये. एका मुलीने मात्र रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने मोजलेली कच्ची नोंद, घेतली, आभाळ जळणार नाही इतपतच एक्स्पोजर खाली आणलं, आणि राखाडी आलेला दगड घरी एडिटिंगमध्ये काळा केला. प्रिंटा शेजारी-शेजारी ठेवल्या तेव्हा तिच्या खांबावर छिन्नीचे घाव मोजता येत होते. बाकीच्यांच्या खांबांवर डांबर ओतलेलं.

असं का झालं, ते आकड्यांत बघू. १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये उजेडाच्या ४०९६ पायऱ्या असतात, पण त्यांची वाटणी समान नसते. सेन्सर उजेड सरळ मोजतो, त्यामुळे सर्वांत उजळ एका स्टॉपलाच (स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याचा टप्पा) २०४८ पायऱ्या जातात. पुढच्या स्टॉपला १०२४, मग ५१२. सहाव्यापर्यंत उरतात ६४. काळा दगड नेमका या तळाच्या पायऱ्यांवर बसलेला. त्याला एक स्टॉप वर ढकललं की पायऱ्या दुप्पट होतात, नॉइजही, म्हणजे गडद भागातले नको ते ठिपके, तुलनेने कमी दिसतो. मग गडद करताना हातात भरपूर माल असतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला मुळात २५६ पायऱ्या, आणि कॅमेऱ्याने उरलेलं आधीच टाकून दिलेलं. आभाळाचा नियम मात्र कडक आहे: एकदा पूर्ण पांढरं झालं की रॉमधूनही परत येत नाही. म्हणून हिस्टोग्रामची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाची, उजवी (उजळ) कड आधी बघायची, दगड नंतर.

“पण सर, हे चीटिंग नाही का?” हा प्रश्न दरवर्षी येतो. मला तो आवडतो. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो: लाल, हिरवा किंवा निळा. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेल्या या जाळीत निम्मे पिक्सेल हिरव्याचे असतात, कारण आपल्या डोळ्याला उजेडातला बारकावा हिरव्यातच जास्त कळतो. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडे बघून गणिताने भरायचे. म्हणजे ‘एडिटिंग न केलेल्या’ फोटोतलेही दोन तृतीयांश रंगांचे आकडे अंदाजाचे! त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाआधी फोटोग्राफीच केली, आणि त्या काळी कागदाला उजेड किती द्यायचा हे डार्करूममधला माणूसच ठरवायचा.

माझी फजिती मात्र शेवटच्या टप्प्यावर झाली. नमुना म्हणून मी रात्री लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून फोटो मनासारखा काळा करत बसलो. स्क्रीन स्वतः उजेड टाकते, कागद फक्त खोलीतला उजेड परत करतो, हे मीच मुलांना शिकवतो. प्रिंट हातात देताना दुकानातला पोरगा म्हणाला, “सर, लाइट गेली होती का तेव्हा?”