उन्हाचा रुमाल फ्लूला पुरत नाही

जळगाव-धुळ्याकडे तोंडाला रुमाल बांधायला कुणाला शिकवावं लागत नाही. उन्हं तापली की मोटारसायकलवाले डोळे तेवढे उघडे ठेवतात, जिनिंगमध्ये कापूस ओढणाऱ्या बाया पदर नाकावरून गुंडाळतात. त्यामुळे फ्लूची साथ आली तरी ‘रुमाल आहे ना’ म्हणून आपण निर्धास्त राहतो. मला त्याचीच काळजी वाटते.

फ्लूचा विषाणू मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा. खोकताना, शिंकताना, अगदी बोलतानाही उडणाऱ्या थेंबांतून आणि बारीक तुषारांतून तो बाहेर पडतो. सुती रुमालात मोठे थेंब अडतात, तुषार मात्र विणीतून निसटतात. सर्जिकल मास्कची करामत त्याच्या मधल्या थरात आहे. त्या तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो. कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसे ते तंतू जवळून जाणारे कण ओढून धरतात. साबणाच्या पाण्यात हा भार जातो, म्हणून असा मास्क धुऊन पुन्हा वापरू नये. चष्म्यावर वाफ धरत असेल तर नाकाजवळ फट आहे. वरची पट्टी दाबून बसवा.

गेल्या जानेवारीत चोपड्याहून जळगावला येताना थंडीमुळे एसटीच्या सगळ्या काचा बंद होत्या. मागे एक मुलगा सारखा खोकत होता आणि मास्क होता त्याच्या आईच्या तोंडाला. खरं तर आधी तो मुलाला हवा होता, कारण तुषार उगमापाशीच अडवणं सर्वांत सोपं. मी खिडकी चार बोटं उघडली. गारठा लागला, पण कोंडलेली हवा हलली.

लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस फ्लू पसरवू शकतो. एसटीच्या दांड्यासारख्या कडक, गुळगुळीत पृष्ठभागावर विषाणू 24 ते 48 तास तग धरू शकतो. मात्र त्याचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं. भांड्याचं तेलकटपण निघतं तसं ते साबणाने फुटतं. 20 सेकंद हात चोळा.

गरोदर बाई, म्हातारी माणसं, दमेकरी यांना ताप आला तर घरी वाट बघू नका. फ्लूवरचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर सर्वांत जास्त उपयोगी पडतं. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, मेडिकलवाल्याकडून मागूनही घेऊ नका. आणि अंग कसकसत असताना मळ्यातल्या भरीत पार्टीचं बोलावणं आलं, तर भरीत-पुरीचा डबा घरीच मागवा.