वाफशावर पेरलेलं सोयाबीन का उगवतं?

'सोयाबीन उगवलंच नाही, बियाणं बोगस' ही बातमी जूनअखेरीस हमखास वाचायला मिळते. 2020 च्या खरिपात मराठवाड्यातून इतक्या तक्रारी आल्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. बोगस बियाणं विकलं जातं आणि विकणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण एकाच पिशवीतलं बी आपल्या रानात कुजतं आणि बांधापलीकडे तरारून येतं, तेव्हा उत्तर बियाच्या आत शोधावं लागतं.

साठवणीतल्या सोयाबीनमध्ये साधारण 10 ते 12 टक्के पाणी असतं. उगवायला ते 50 टक्क्यांच्या आसपास जावं लागतं. मक्याचं 30 टक्क्यांवर भागतं. हे पाणी ओढायला बी जिवंत असावं लागत नाही. मेलेलं बीसुद्धा फुगतं, पावसाळ्यात लाकडी दार फुगतं तसं. खरी कसोटी पाणी किती वेगाने शिरतं याची.

प्रत्येक पेशीभोवती मेदाच्या रेणूंचा दुहेरी पडदा असतो. बी वाळताना हे रेणू दाटीने आखडून बसतात. पाणी मिळालं की ते सैल होतात, पुन्हा सलग पडदा जुळतो. पण जुळेपर्यंत तो गळका असतो. पाणी हळूहळू आलं तर गळती थोडी होते आणि लवकर थांबते. एकदम आलं तर बाहेरच्या पेशी फाटतात आणि साखर, अमिनो आम्लं, पोटॅशियम बाहेर वाहून जातं. बी भिजवलेल्या पाण्यातून वीज किती सहज वाहते हे मोजून प्रयोगशाळेत बियाचा जोम ठरवतात, तो याच गळतीवरून.

घरी दोन वाट्या घ्या. एकीत अखंड दाणे, दुसरीत टरफल खरवडलेले. अखंड दाण्यांचं टरफल आधी सुरकुततं, मग दाणा भरतो. दुसऱ्या वाटीतलं पाणी संध्याकाळपर्यंत गढूळ झालेलं दिसेल. ते गढूळ पाणी म्हणजे रोपाची शिदोरी. शेतात ती पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशींच्या तोंडी जाते. मग बी मातीतच कुजतं, किंवा उगवलेल्या रोपाची मान जमिनीलगत बारीक होऊन ते आडवं पडतं.

पाण्याचा वेग आवरणारं टरफल सोयाबीनला फार पातळ मिळालंय आणि मुळाचा अंकुर अगदी त्याच्याखाली असतो. पोतं उंचावरून आदळलं की इजा तिथेच होते. काढणीच्या वेळी शेंगा भिजून वाळल्या तरी टरफल तडकतं. 2019 च्या ऑक्टोबरमधल्या पावसाने पुढच्या वर्षीच्या बियाण्याचं असंच नुकसान केलं.

आता वाफसा, म्हणजे पावसानंतर मातीत आलेली पेरणीजोगी ओल. मूठभर माती दाबली की लाडू वळतो, खाली टाकला की फुटतो. अशा मातीत मोठ्या पोकळ्यांत हवा असते आणि पाणी कणांना पातळ थराने चिकटलेलं असतं. बियाला ते जिथे कण टेकतात तिथूनच, घोटाघोटाने मिळतं, सोबत प्राणवायूही मिळतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबा, हा सल्ला त्यासाठीच. धूळपेर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत केलेली पेरणी, कपाशीला चालते. सोयाबीनवर कोरड्यात थेट मुसळधार पडली की वर सांगितलेलं सगळं घडतं. शिवाय पावसानंतर ऊन पडून मातीवर पापुद्रा धरतो. तूर, हरभरा आपली डाळ मातीतच ठेवतात. सोयाबीन मान वाकवून दोन्ही डाळिंब्या वर खेचतं आणि पापुद्र्याखाली ती मान मोडते.

घटातलं धान किती वाढलं यावरून हंगामाचं भाकीत करणारे अजून आहेत. उजेड कमी असला की कोंब लांब आणि पिवळे होतात. पावसाचा त्यांना पत्ता नसतो. धान्य रुजवायचंच तर पेरणीआधी 100 दाणे गोणपाटात गुंडाळून रुजवा. 70 किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरणीयोग्य. गोणपाट मात्र भिजवून पिळून घ्यायचं. हरभरा भिजवतो तसे दाणे पाण्यात बुडवून ठेवले, तर चांगलं बीही या परीक्षेत नापास होईल.