बाहेरचा धातू कोणता?

"रायफलचा हँडगार्ड निघतच नाहीये. व्हिडिओत सांगतात तापवा. बाबा म्हणतात, तापवलंस तर सगळीकडून फुगेल, भोक आवळेल आणि आणखी घट्ट बसेल. खरं कोणाचं?"

नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणाऱ्या, एअर रायफलची नेमबाजी शिकणाऱ्या एका अकरावीतल्या मुलीचा हा प्रश्न. बाबांचा तर्क चुकीचा आहे, पण तो करणारे लोक भरपूर आहेत आणि त्यांत इंजिनिअरही आहेत. व्हिडिओवाल्याचा सल्ला तिच्या रायफलपुरता बरोबर आहे, पण तोच सल्ला घेऊन ती शेजाऱ्याच्या सायकलकडे गेली तर काम बिघडेल. असं का, हे उलगडून सांगण्यासारखं आहे.

हँडगार्ड म्हणजे नळीभोवतीचं, पुढचा हात धरायचं आवरण. दारूगोळ्याच्या बंदुकीत ते हाताला तापलेल्या नळीपासून वाचवतं. एअर रायफलमध्ये नळी तापत नाही, तिथे पकड मिळावी एवढंच त्याचं काम. अचूक नेमबाजीच्या रायफलींत हँडगार्ड नळीला टेकू देत नाहीत, कारण हाताचा दाब नळीवर आला की गोळी लागायची जागा बदलते. म्हणून तो फक्त मागच्या टोकाला, एका नटावर किंवा कड्यावर घट्ट बसवतात. हँडगार्ड ॲल्युमिनियमचा आणि आतलं कडं बहुधा पोलादाचं. सगळी पकड त्या दोन-तीन इंचांत असते, आणि अडकतो तोही तिथेच.

आता भोकाचा प्रश्न. ॲल्युमिनियमचा एक सलग पत्रा घ्या, त्यावर खडूने वर्तुळ काढा आणि पत्रा तापवा. पत्रा सगळीकडे सारख्या प्रमाणात वाढतो, म्हणून खडूचं वर्तुळही मोठं होतं. यावर कोणाचा वाद नसतो. मग तापवण्याआधीच त्या वर्तुळावरून करवत फिरवली आणि आतली चकती तशीच जागेवर ठेवली तर? चकतीही तेवढीच वाढणार, भोवतालचा पत्राही तेवढाच, आणि चकती भोकात आधीसारखीच बसलेली राहणार. म्हणजे भोक चकतीइतकंच वाढलं. चकती काढून टाकली म्हणून भोवतालच्या पत्र्याचं वागणं बदलत नाही. भोक आवळायचं असेल तर त्याच्या कडेवरच्या अणूंना एकमेकांच्या जवळ यावं लागेल, आणि तापल्यावर तर ते लांब जातात. शाळेच्या प्रयोगशाळेतलं कडं आणि गोळा हेच दाखवतं. गार कड्यातून न जाणारा गोळा तापलेल्या कड्यातून आरपार जातो.

सिन्नर-निफाडकडच्या जुन्या लोकांना हे पुस्तकाशिवाय माहीत होतं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ती मुद्दाम चाकापेक्षा थोडी लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, सांडशीने उचलून चाकावर टाकायची आणि वर पाणी ओतायचं. तापलेली धाव मोठी झालेली असते म्हणून सहज बसते, गार होताना आवळते आणि आरे, मधला तुंबा, कडेचे पुठ्ठे सगळे एकत्र दाबून धरते. एकोणिसाव्या शतकात तोफा बनवणाऱ्यांनी हीच युक्ती वापरली. आतल्या नळीवर तापवलेली पोलादी कडी चढवायची, ती गार झाली की नळी बाहेरून कायमची दाबलेली राहते, आणि तोफ उडताना आतल्या दाबाला आधी हा दाब उलटवावा लागतो. देवळालीत तोफखान्याचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे, म्हणून नाशिककरांना तोफा परक्या नाहीत. त्यांच्या पोटात बैलगाडीच्या चाकाचं विज्ञान आहे हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. सातपूरच्या कारखान्यांत बेअरिंग शाफ्टवर चढवतानाही ते ११० अंशांच्या आसपास तापवूनच सरकवतात.

पण धातू तापल्यावर वाढतोच का? "अणू जास्त हलतात म्हणून" हे उत्तर अपुरं आहे. अणू नुसतेच जास्त हलले, जेवढे पुढे तेवढेच मागे, तर त्यांची सरासरी जागा बदलणार नाही आणि धातू मुळीच वाढणार नाही. खरी गंमत विषमतेत आहे. दोन शेजारचे अणू जवळ दाबायला फार जोर लागतो, ते लांब ओढायला तुलनेने कमी. त्यांच्यातल्या अंतराप्रमाणे ऊर्जेचा आलेख काढला तर एक दरी दिसते. जवळ येण्याच्या बाजूला कसाऱ्याच्या कड्यासारखी उभी भिंत, लांब जाण्याच्या बाजूला सौम्य चढ. थंड असताना अणू दरीच्या तळाशी थोडासा डोलतो. ऊर्जा वाढली की तो दोन्हीकडे वर चढतो, पण उभ्या भिंतीकडे त्याला फारसं पुढे जाता येत नाही आणि सौम्य चढावर तो दूरवर जातो. म्हणून डोलण्याचा मध्यबिंदू सौम्य बाजूला सरकतो, सरासरी अंतर वाढतं, आणि हेच सगळ्या तुकड्याच्या प्रसरणात दिसतं. दरी दोन्ही बाजूंनी सारखी असती तर बैलगाडीची धाव कधीच चढली नसती.

यातूनच पुढचं कळतं. ज्या धातूत अणूंची पकड सैल, त्याची दरी उथळ, तो लवकर वितळतो आणि जास्त वाढतो. एक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची सळई एका अंशाने तापली की सुमारे २३ मायक्रॉन वाढते, पोलादाची सुमारे १२. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, लोखंड १५३८ अंशांना. निरपेक्ष शून्यापासून मोजलं तर हे ९३३ आणि १८११ केल्विन. प्रसरणाच्या आकड्याला या तापमानाने गुणून पाहा. ॲल्युमिनियमसाठी उत्तर येतं २.१ टक्के, लोखंडासाठी २.२ टक्के, आणि तांब्याचं करून पाहिलंत तर २.३. हा ढोबळ हिशेब आहे, तापमानाबरोबर प्रसरणाचा दरही बदलतो. तरी इतके वेगवेगळे धातू वितळण्यापर्यंत साधारण दोनच टक्के लांब होतात, हे पाहून मला अजूनही नवल वाटतं. अणू एकमेकांपासून तेवढे दूर गेले की स्फटिकाची रचना टिकत नाही, असं समजा.

आता हँडगार्डकडे. आतल्या कड्याचा व्यास ३० मिलिमीटर धरू आणि सांधा ८० अंशांनी तापवू. ॲल्युमिनियमचं भोक ५५ मायक्रॉन वाढेल. पण उष्णता आतही जाते, पोलादाचं कडंही तापतं आणि २९ मायक्रॉन वाढतं. दोन्ही सारखे तापले तरी २६ मायक्रॉनची फट आपल्या पदरात पडते. ती डोळ्याला दिसत नाही, पण अंबडच्या कुठल्याही लेथवाल्याला विचारा. ३० मिलिमीटरच्या भोकाला नेहमीच्या एच-७ फिटमध्ये (नेमक्या बसणीच्या एका ठरलेल्या श्रेणीत) माप चुकण्याची एकूण सूटच २१ मायक्रॉनची असते. म्हणजे तापवल्याने सांध्याचा स्वभावच बदलतो.

हे जमलं, कारण जास्त वाढणारा धातू बाहेर आहे. उलट असेल तर?

नाशिक सायकलवाल्यांचं गाव. इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी रॅम ही शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून तर घरोघरी सायकली आल्या. पोलादी चौकटीच्या सायकलीत सीटची दांडी बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असते आणि तीही अशीच जाम होते. तिथे पोलाद बाहेर, ॲल्युमिनियम आत. २७.२ मिलिमीटर व्यासाची दांडी धरा आणि सांधा तसाच ८० अंशांनी तापवा. दांडी भोकापेक्षा २४ मायक्रॉन जास्त फुगेल आणि सांधा आणखी आवळेल. फक्त बाहेरचं पोलाद झटकन तापवलं तर क्षणभर फायदा मिळतो, पण दांडी लागलीच त्याला गाठते. तिथे थंडी कामाची. कोरड्या बर्फाचं तापमान उणे ७८ अंश असतं. ३० अंशांवरून सगळा सांधा तिथवर नेला तर दांडी ३२ मायक्रॉन जास्त आकसते. म्हणून हातात हीट गन (गरम हवा फेकणारं अवजार) घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, बाहेरचा धातू कोणता?

अर्थात हँडगार्ड अडकतो तो नुसत्या घट्ट फिटमुळे नाही. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले आणि मध्ये घामाचं खारट किंवा पावसाळ्यातलं पाणी असलं की तिथे लहानसा विद्युत्‌घट तयार होतो. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि पोलाद वाचतं. हँडगार्डवर ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या साहाय्याने चढवलेल्या ऑक्साइडचा थर असतो, तो वीज वाहू देत नाही, म्हणून नवीन असताना काही होत नाही. चढवता-उतरवताना हा थर जिथे खरचटतो, तिथे मात्र सगळी झीज एकवटते. झिजलेलं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड होऊन तिथेच साचतं आणि ते मूळ धातूच्या सुमारे तिप्पट जागा व्यापतं. पंधरा-वीस मायक्रॉनच्या फटीत ही पांढरी भुकटी ठासून बसली की ओढून काही हलत नाही.

तेल याच फटीत शिरवायचं असतं. अरुंद फटीत द्रव आपोआप खेचला जातो, पण किती वेगाने, याचा नियम लुकास आणि वॉशबर्न यांनी १९१८ आणि १९२१ साली मांडला. शिरलेलं अंतर वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. पहिला मिलिमीटर दहा मिनिटांत गेला असेल तर दुसरा गाठायला एकूण चाळीस मिनिटं लागतात आणि तिसरा गाठायला नव्वद. फटीत भुकटी असेल तर आणखी उशीर. म्हणून फवारा मारून दोन मिनिटांत नट सोडवून दाखवणाऱ्या जाहिराती मला फसव्या वाटतात. डब्ल्यूडी-४० हा प्रसिद्ध फवारा मुळात १९५३ साली पाणी दूर सारून गंज रोखण्यासाठी बनवला होता. त्याने काम होतं, पण रात्रभर वेळ द्यावा लागतो.

शनिवारी लोखंडाच्या कामाला हात लावू नये, असं मानणारे काही जण आपल्याकडे आहेत. पण त्यापायी ओली रायफल रविवारपर्यंत पिशवीत ठेवू नका. गंजाला वार कळत नाही, ओल मात्र कळते. खंडेनवमीला शस्त्राची पूजा जरूर करा, पण पाणी, हळद-कुंकू आणि फुलं संध्याकाळी पुसून काढा आणि तेलाचा हात फिरवा.

प्रत्यक्ष काम करताना पहिली गोष्ट, रायफल रिकामी आहे हे स्वतः डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. दुसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. सामन्यांच्या एअर रायफलला हवेचं सिलिंडर असतं, त्यात २०० बारपर्यंत दाब असतो आणि ते हँडगार्डच्या जवळच असतं. ते काढून दूर ठेवल्याशिवाय उष्णतेचं नावही घेऊ नका. परवान्याची बंदूक असेल तर हे काम घरी नको, परवानाधारक आर्मररकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे न्या.

मग सगळे स्क्रू खरंच निघाले आहेत का ते पाहा. एखादा लहान स्क्रू खालच्या बाजूला राहून गेलेला असतो आणि माणूस तासभर ओढत बसतो. स्क्रूला थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावलेला असेल आणि तो हलत नसेल तर त्याच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक धरा. पक्का थ्रेडलॉकर २५० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि या पद्धतीने तेवढी उष्णता फक्त स्क्रूला मिळते, हँडगार्डला नाही.

हँडगार्डला ब्लोटॉर्च लावू नका. त्याच्या मिश्रधातूला बळ मिळतं ते कारखान्यात १६० ते १७५ अंशांवर काही तास ठेवून. त्यापुढे तापवलं तर ते बळ कमी होत जातं आणि ॲनोडायझिंगचा रंगही उडतो. शंभर-सव्वाशे अंश पुरेत. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. सांध्याजवळ टाकलेला पाण्याचा थेंब चुरचुरून उडाला की हीट गन बाजूला ठेवायची. तेल आणि उष्णता एकाच वेळी नको, फवाऱ्यातले द्रव पेट घेतात. आधी तापवा, कोमट झाल्यावर तेल सोडा. सांधा निवताना फटीतली हवा आकसते आणि तेल आत ओढलं जातं. असं दोन-तीन वेळा केलं की भुकटीला तडे जातात. शेवटी पुन्हा गरम करण्याआधी बाहेरचं तेल पुसून काढा आणि मग जाड हातमोजे घालून, सरळ न ओढता, डावीकडे-उजवीकडे अगदी थोडं पिळत हँडगार्ड पुढे काढा. जिथे पिळायला वावच नाही अशा रचनेत मागच्या कडेवर लाकडी ठोकळा धरून रबरी हातोड्याने हलके ठोके द्या. नळी व्हाइसमध्ये धरून जोर लावायचा नाही; वाकलेली नळी घरी सरळ करता येत नाही.

निघाल्यावर पांढरी भुकटी नायलॉनच्या ब्रशने घासून काढा, पोलादी ब्रशने ॲनोडायझिंग आणखी खरचटेल. परत बसवताना सांध्यावर ग्रीसचा पातळ थर द्या, म्हणजे दोन धातूंच्या मधे पाणी शिरणार नाही. स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लागलं असेल तर मात्र पाना जपून फिरवा. कोरडा स्क्रू आवळताना आपल्या जोराचा साधारण नव्वद टक्के भाग घर्षणातच जातो आणि दहा टक्केच पकडीच्या कामी येतो. घर्षण कमी झालं की तेवढ्याच टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) पकड कितीतरी वाढते, आणि ॲल्युमिनियममधले आटे पोलादी स्क्रूपुढे आधी सुटतात.